परत येण्याचा हेतू

नमनाला घडाभर तेल न घालता सरळ सांगतो. २०२४ च्या पावसाळ्यात माझ्या आईचा युरोपचा व्हिसा नाकारला गेला.

देशाचं नाव सांगत नाही. बहिणीला अजून तिथंच राहायचंय! नातेवाईकांपैकी बहुतेकांना अर्धी गोष्ट ठाऊक आहेच. ज्यांना नाही त्यांच्यासाठी पुन्हा एकदा. बहिणीला मुलगी झाली, बारसं ठरलं, आणि आईने आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायचं कबूल केलं. आई एकाहत्तर वर्षांची. रावेर तालुक्यातलं आमचं गाव, तिथं थोडी केळीची बाग. वडील गेल्यापासून ती बाग आईच बघते. तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे काशी, आणि नेमाचा म्हणजे दरवर्षी मुक्ताईनगर. एवढंच.

पासपोर्ट निघाला सहज. पूर्वी पासपोर्ट म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला मुंबईची वारी ठरलेली. आता ते काम जळगावच्या पोस्टात होतं. खरी गंमत पुढे सुरू झाली. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, ३० हजार युरोंचा आजारपणाचा विमा, मुलीचं आमंत्रणपत्र, जावयाच्या पगाराचा दाखला, जाण्यायेण्याचं तिकीट, आणि ‘ही बाई परत येईल’ याचा पुरावा. आता परत येण्याचा पुरावा काय द्यायचा? मी सातबारा लावला. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. ‘पोटखराबा’ला इंग्रजीत काय म्हणायचं यावर भाषांतर करणारा आणि मी अर्धा तास वाद घालत बसलो होतो.

मग रात्रीच्या गाडीने मुंबई. तिथं दहाही बोटांचे ठसे द्यायचे होते. आईचे ठसे काही उठेनात. चाळीस-पन्नास वर्षं केळीच्या चिकात आणि मातीत गेलेली बोटं ती, त्यांच्यावर रेषा राहिल्यात कुठे? काउंटरवरची मुलगी चांगली होती. तिने तीनदा हात धुवायला पाठवलं, ओला रुमाल दिला, "आजी, जरा जोरात दाबा" म्हणाली. शेवटी उठले एकदाचे ठसे.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आला. सोबत एक छापील कागद, त्यावर ओळीने चौकटी, आणि एका चौकटीत फुली. मुदत संपण्यापूर्वी देश सोडून जाण्याच्या आपल्या हेतूबद्दल वाजवी शंका आहे, असा त्या चौकटीचा अर्थ.

आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा विचारलं, "म्हणजे त्यांना वाटतं मी तिथंच राहीन?" मी म्हटलं, हो. ती हसली. मग म्हणाली, "आणि इथलं पाणी कोण देईल?" हसली खरी, पण त्या दिवशी संध्याकाळी ती नेहमीसारखी ओट्यावर येऊन बसली नाही. माझ्या मते तिला नकाराचं दुःख कमी आणि ‘तू खोटं बोलतेस’ असं कोणीतरी लिहून पाठवल्याचं जास्त झालं होतं.

बारसं तिच्याशिवाय झालं. तिने ते फोनवर पाहिलं.

त्याच सप्टेंबरात बहिणीचा फोन आला. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिला एक आजी भेटल्या होत्या. नऊवारी नव्हती, पण कपाळावर कुंकू, आणि मराठी जुन्या वळणाची, मध्येच फ्रेंचसारखे शब्द. मॉरिशसच्या होत्या. त्यांची नातही तिथंच नोकरीला, त्याही पणतीला बघायला आलेल्या. बहिणीने सहज विचारलं, व्हिसाला किती दिवस लागले? त्या म्हणाल्या, "व्हिसा कशाला? तिकीट काढलं नि आले."

खरंच आहे ते. २००९ पासून मॉरिशस आणि सेशेल्स या दोन आफ्रिकी देशांच्या नागरिकांना शेंगेन देशांत तीन महिन्यांपर्यंत व्हिसा लागत नाही. आख्ख्या आफ्रिका खंडात हे दोनच. म्हणजे पूर्वी कधीतरी कोकणातून नाहीतर घाटावरून बोटीने नेलेल्या मराठी मजुराची वंशज ‘आफ्रिकन’ म्हणून युरोपात सरळ शिरते, आणि सातबारा घेऊन उभी असलेली रावेरची आजी दारातून परत फिरते! मला यात त्या आजींचा हेवा मुळीच नाही. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. ही फुलीची चौकट आली कुठून? कोणी कोणाला कधीपासून विचारायला लागलं, की तू परत कधी जाणार? मग इतिहासाची पुस्तकं काढून बसलो. जे सापडलं ते मांडतो.

सुरुवात आपल्या खानदेशातूनच करू, कारण चारशे वर्षांपूर्वी हा खेळ नेमका उलटा होता.

सप्टेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेजवळ सुवाळीच्या बंदरात उतरला. मुघलांच्या जकातवाल्यांनी त्याला सांगितलं, तुझ्या माणसांची आणि सामानाची झडती होईल. रो म्हणाला, मी राजाचा वकील आहे, व्यापारी नाही, माझ्या माणसांच्या अंगाला हात लावायचा नाही. सुरतेचा सुभेदार काही हटेना. झडती, भेटवस्तू, मानपान यावरून महिनाभर घासाघीस चालली. आजच्या भाषेत सांगायचं तर युरोपातला पाहुणा इमिग्रेशनच्या रांगेत महिनाभर अडकला होता.

शेवटी ऑक्टोबरच्या अखेरीस रो सुरतेहून निघाला. पुढची वाट आपली. तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर करत तो नोव्हेंबरात बऱ्हाणपूरला पोचला. म्हणजे आमच्या गावावरूनच गेला म्हणा ना! बऱ्हाणपूर तेव्हा खानदेशाची राजधानी, दक्षिणेच्या मुघल फौजांचं मुख्य ठाणं. तिथं जहांगीराचा मुलगा परवेझ होता. रोला त्याच्याकडून इंग्रजांची वखार उघडायची परवानगी हवी होती. दरबारात कुठे उभं राहायचं, कठड्याच्या आत की बाहेर, यावरूनही त्याची कुरकुर झाली. नजराण्यात त्याने दारूच्या बाटल्यांची पेटी दिली, आणि त्या पितापिता शहजादा पुढच्या बोलण्याच्या अवस्थेतच उरला नाही, असं रो स्वतःच्या रोजनिशीत लिहून गेलाय. परवानगी मात्र मिळाली. जहांगीराची भेट व्हायला पुढचा जानेवारी उजाडला, तीही अजमेरला.

आता रोला त्या काळी ‘परत कधी जाणार?’ असं कोणी विचारलं का? नाही विचारलं. विचारायला हवं होतं, असं आज गमतीने म्हणता येईल. पण त्या काळच्या कागदांचा रोखच निराळा होता. दस्तक, परवाना, राहदारी हे शब्द आपल्या भाषेत अजून आहेत. ते कागद माल, जकात आणि वाटेतली सुरक्षितता यांच्यासाठी असत. माणूस आत आला तर तो काय घेऊन आला हे बघायचं. तो इथंच राहील की काय, ही भीती त्या कागदात नव्हती.

ती भीती आली मजुरांबरोबर. आणि इथंच आपल्या मॉरिशसच्या आजींच्या पूर्वजांची गोष्ट सुरू होते.

इंग्रजी साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली आणि मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना माणसं कमी पडली. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर जायला लागले. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही बंदरं. मुंबईहून गेलेल्यांत मराठी माणूस होता, विशेषतः रत्नागिरी, सातारा भागातला. सगळे मिळून जवळपास पाच लाख माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. तो धक्का म्हणजे आजचा आप्रवासी घाट. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. उतरलेल्या प्रत्येकाला एक नंबर मिळे. नाव कारकुनाला ऐकू येईल तसं लिहिलं जाई. नाव बदललं तरी नंबर मात्र जन्मभराचा.

करार संपला की माणूस मोकळा व्हायला हवा. पण मोकळा मजूर मळेवाल्यांना नको होता. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही कायम जवळ ओळखीचं तिकीट बाळगायची सक्ती केली, आणि त्या तिकिटावर फोटो! तिकीट जवळ नसलं की भटक्या म्हणून अटक. हजारो लोक असे पकडले गेले. १८७१ मध्ये अडॉल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्यानेच मजुरांच्या बाजूने अर्ज तयार केला, सह्या गोळा केल्या, आणि त्यातून चौकशीसाठी इंग्लंडहून रॉयल कमिशन नेमलं गेलं. त्या तिकिटांसाठी काढलेले फोटो आजही मॉरिशसच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटने जपून ठेवलेत. सुती कपड्यातली माणसं, बायका, पोरं, सरळ कॅमेऱ्याकडे बघणारी.

या वर्षावर जरा थांबा. १८६७. युरोपातल्या सर्वसाधारण माणसाच्या पासपोर्टवर फोटो यायला पहिलं महायुद्ध उजाडावं लागलं. म्हणजे फोटो चिकटवलेला कागद खिशात बाळगायची सक्ती साहेबाच्या आधी जवळपास पन्नास वर्षं आफ्रिकेच्या एका बेटावरच्या आपल्या माणसावर झाली होती. दहा बोटांच्या ठशांचंही तसंच. ठशांचा सरकारी कामासाठी वापर बंगालात सुरू झाला, आणि दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवालच्या सरकारने १९०६ मध्ये सगळ्या हिंदी लोकांना दहा बोटांचे ठसे देऊन नोंदणी करायचं फर्मान काढलं. गांधीजींचा सत्याग्रह जन्मला तो त्यावरून. १६ ऑगस्ट १९०८ ला जोहान्सबर्गच्या मशिदीसमोर मोठ्या कढईत नोंदणीच्या त्या परवान्यांची होळी झाली. हे शाळेत आपण सगळेच शिकतो. पण मुंबईच्या त्या केंद्रात आई तिसऱ्यांदा हात धुऊन आली तेव्हा मला पहिल्यांदा ते आठवलं. भारतातल्या अर्जदारांकडून शेंगेन व्हिसासाठी ठसे घेणं सुरू झालं ते नोव्हेंबर २०१५ मध्ये. आपण ते मुकाट्याने देतो. ठसे देण्यात अपमान वाटावा हे आता आपल्या डोक्यातही येत नाही.

तर एकीकडे ही तिकिटं, आणि दुसरीकडे महायुद्धापर्यंतचा युरोप. त्या युरोपात बहुतेक ठिकाणी पासपोर्टशिवाय हिंडता येत असे. युद्ध पेटलं आणि हेरांच्या भीतीने सगळ्यांनी दारं लावून घेतली. ‘युद्धापुरतं’ म्हणून आलेले नियम युद्ध संपल्यावरही राहिले. १९२० मध्ये राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवली. ही कटकट कधीतरी संपावी अशी तेव्हा अनेकांची इच्छा होती, पण निष्पन्न काय झालं? सगळ्या देशांच्या पासपोर्टचा नमुना एकसारखा असावा, एवढं! हिंदुस्थानातही युद्धाच्या काळातच पासपोर्टची सक्ती आली, आणि १९२० मध्ये पासपोर्टचा कायदा झाला. तो बराच चिवट निघाला. २०२५ मध्ये नवा कायदा आला तेव्हा कुठे तो रद्द झाला.

हा नवा कागद सरकारच्या हातात कसं हत्यार झाला याचं मराठी माणसाला ठाऊक असावं असं उदाहरण म्हणजे लोकमान्य टिळक. १९१८ च्या मार्चअखेर टिळक होमरूलच्या शिष्टमंडळाबरोबर विलायतेला निघाले. बरोबर दादासाहेब खापर्डे, न. चिं. केळकर आदी मंडळी. पासपोर्ट रीतसर मिळालेले. मुंबईहून मद्रास, मद्रासहून कोलंबो. आणि कोलंबोला कळलं, की लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने पासपोर्ट रद्द केलेत. निरोपाचे हारतुरे झाले होते, सामान बांधलेलं, बोट समोर, आणि माणूस बंदरातून माघारी. पुढे सप्टेंबरात टिळकांना जायला मिळालं, ते चिरोलवरच्या खटल्यासाठी, आणि तेही तिथं राजकीय चळवळ करणार नाही या अटीवर. ‘हेतू’वर शंका घेऊन दार लावणं हे काही नवीन नाही म्हणायचं.

आणि ज्यांना दार उघडणारच नव्हतं त्यांनी काय केलं? त्याचं उत्तर आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला येऊन गेलंय. डिसेंबर १९३६ चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष पंडित नेहरू. त्या गर्दीत महिन्याभरापूर्वीच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय होते. हा माणूस १९१६ मध्ये ‘फादर मार्टिन’ नावाच्या पाद्र्याच्या कागदांवर अमेरिकेत शिरला, मग मेक्सिको, मॉस्को, बर्लिन असा हिंडला, आणि १९३० मध्ये ‘डॉक्टर महमूद’ होऊन हिंदुस्थानात परतला. स्वतःच्या देशात परत यायलासुद्धा खोटं नाव! आमचे आजोबा फैजपूरच्या अधिवेशनाला पायी गेले होते. त्यांनी नेहरूंना लांबून पाहिल्याचं ते शेवटपर्यंत सांगत. रॉय त्यांना दिसले असतील का, हे विचारायचं राहून गेलं.

स्वातंत्र्य आलं तरी पासपोर्ट देणं न देणं सरकारच्या मर्जीवरच होतं. १९६७ च्या एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, सरकारने मनाला येईल तसा पासपोर्ट अडवायचा नाही. त्याच वर्षी आपला सध्याचा पासपोर्टचा कायदा आला. पण गंमत बघा. घराबाहेर पडायचा हक्क न्यायालय देऊ शकतं. समोरच्याच्या घरात शिरायचा हक्क कोण देणार?

आणि समोरची घरं नेमकी त्याच सुमारास बंद व्हायला लागली होती. १९६२ पर्यंत राष्ट्रकुलातला माणूस इंग्लंडात जाऊन राहू शकत होता. त्या वर्षी पहिला कायदा झाला. १९६८ मध्ये केनियातली हिंदी वंशाची माणसं इंग्लंडला निघाली. त्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होते, साहेबानेच दिलेले. तेव्हा अवघ्या तीन दिवसांत संसदेत कायदा पास झाला, की पासपोर्ट असला तरी बाप किंवा आजा इंग्लंडशी जोडलेला असला पाहिजे. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की नुसता कागद असून भागत नाही. आजा कोण होता, तेही लागतं.

मग १९८६. हे वर्ष मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि आपल्याकडे कोणाच्या फारसं लक्षात नाही. तोपर्यंत भारतीय माणसाला इंग्लंडात फिरायला जायला आधी व्हिसा काढावा लागत नसे. विमानतळावर उतरल्यावर अधिकारी काय ते विचारे आणि आत सोडे किंवा परत पाठवे. १९८६ च्या सप्टेंबरात थॅचरबाईंच्या सरकारने पाच देशांसाठी व्हिसा सक्तीचा केला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नायजेरिया आणि घाना. तीन आपल्या बाजूचे, दोन आफ्रिकेतले. एकाच यादीत. ऑक्टोबरात नियम लागू व्हायच्या आधी पोचावं म्हणून हीथ्रोवर एवढी झुंबड उडाली की लोकांना रात्री विमानतळावरच काढाव्या लागल्या. त्याच वर्षी पॅरिसमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि फ्रान्सनेही व्हिसा लावला. पश्चिम जर्मनीने त्याआधीच लावलेला होता.

या बदलाचा अर्थ साधा आहे. आधी दार त्यांच्या देशात होतं. आता ते दार उचलून मुंबईत, लागोसमध्ये, आक्रामध्ये आणून बसवलं. त्यात भर म्हणजे व्हिसा नसलेल्या माणसाला घेऊन गेल्यास विमान कंपनीला दंड. म्हणून तर चेक-इनच्या काउंटरवरची मुलगी आपला व्हिसा एवढा निरखून बघते! पहारेकऱ्याचं काम तिकीटवाल्यांकडे गेलं.

शेंगेनचा करार १९८५ चा, आणि तो प्रत्यक्षात आला मार्च १९९५ मध्ये. त्यांनी आपसातल्या भिंती पाडल्या आणि बाहेरची एकच भिंत उंच केली. त्यांच्या बाजूने बघितलं तर हे समजण्यासारखंही आहे. आत एकदा शिरलेल्याला पुढे कोणी अडवणार नाही, तर दारातच नीट बघायला हवं. व्हिसावर जाऊन परत न येणारी माणसं असतात, आपल्यातलीही असतात, हे मी नाकारत नाही. फी २००७ मध्ये ६० युरो झाली, २०२० मध्ये ८०, जून २०२४ पासून ९०. नाकारला तरी फी परत नाही. २०२४ मध्ये भारतातून सुमारे ११ लाख अर्ज गेले, त्यातले साधारण १५ टक्के नाकारले गेले. आई त्यातली एक. पण घाना, सेनेगल इथले चाळीस टक्क्यांहून जास्त अर्ज नाकारले गेलेत. म्हणजे जवळजवळ दर दोघांतला एक. आणि नायजेरिया, घाना, इथिओपिया, सोमालिया अशा काही देशांच्या माणसाला तर युरोपात नुसतं विमान बदलायलासुद्धा, विमानतळाबाहेर पाऊल न टाकता, वेगळा व्हिसा लागतो. आईची फुली मला केवढी मोठी वाटली होती! आक्रातल्या कुठल्यातरी माझ्यासारख्याच मुलाने आपल्या आईला तो छापील कागद वाचून दाखवला असेल, तेव्हा तिनेही विचारलं असेल, माझी शेती कोण बघणार?

आणि हेही लिहायलाच हवं. आपण काही फार वेगळे नाही. आफ्रिकेतल्या माणसाला आपल्याकडे यायलाही व्हिसा लागतो. तो ठीक आहे, प्रत्येक देशाचा नियम असतो. पण व्हिसा घेऊन शिकायला आलेल्या मुलांना आपल्या शहरांत भाड्याने खोली मिळताना काय होतं, ते पुण्यात राहिलेल्या कोणालाही विचारा. मी स्वतः तिथं शिकत असताना आमच्या घरमालकांनी एका सुदानी मुलाला "खोली नाही" म्हणून परत पाठवलं होतं. खोली होती. मी शेजारीच उभा होतो आणि गप्प बसलो होतो. त्याच्याही हेतूबद्दल त्यांना शंका होती, कारण विचारायचीही गरज वाटली नव्हती. युरोपवाले निदान चौकटीत फुली तरी मारतात.

असो. आईचं पुढे काय झालं, ते सांगून संपवतो.

तिने आधी ठाम नाही म्हटलं. "ज्याच्या घरी नको म्हटलंय त्याच्या दारात पुन्हा कशाला?" हा तिचा मुद्दा. बहीण रडली, मी समजावलं, काही उपयोग नाही. शेवटी नातीने फोनवर पहिल्यांदा ‘आज्जी’सारखं काहीतरी म्हटलं आणि काम झालं. २०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा अर्ज केला. या वेळी सातबाऱ्यासोबत केळी विकल्याच्या पावत्या, सोसायटीच्या पीककर्जाचा कागद, आणि एक साधं पत्र. पत्र आईने सांगितलं, मी लिहिलं, पोराने इंग्रजीत केलं. त्यात होतं, की माझी बाग नवतीची आहे, घड अमुक महिन्यात कापणीला येतील, तोपर्यंत मला यावंच लागेल. सातबारा, पावत्या आणि पत्र यातलं नेमकं कशाने काम झालं ते कळायला मार्ग नाही. तीन आठवड्यांचा व्हिसा आला. नात तोवर चालायला लागली होती.

आई गेली, राहिली, आणि तिकिटाच्या तारखेला परत आली. जळगाव स्टेशनवर उतरल्या उतरल्या तिने विचारलं, पाऊस किती झाला. घरी आल्यावर पासपोर्ट काढून दाखवला. त्यात दोन शिक्के होते, एक आत गेल्याचा, एक बाहेर पडल्याचा. दुसऱ्या शिक्क्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "हा जपून ठेव. पुढच्या वेळी दाखवायला."

ऑक्टोबर २०२५ पासून ते शिक्केही बंद करायला सुरुवात झाली. आता सीमेवर फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकात नोंद होते. युरोपीय संघाबाहेरून थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या सगळ्यांची, व्हिसा लागो न लागो. म्हणजे पुढच्या वेळी मॉरिशसच्या आजींनाही कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागेल, पणजा-खापरपणजा पोर्ट लुईला कधी उभे राहिले असतील तसं.

आईला हे अजून सांगितलेलं नाही. तिने तो पासपोर्ट कपाटात, सातबाऱ्याच्याच पिशवीत ठेवलाय.